गिझरवरची पुस्तकं

शीर्षक वाचून हा हीट ट्रान्सफरवरचा लेख असेल असं समजून पान उलटणार असाल तर जरा थांबा. लेखात गिझर आहे, पण त्याची एफिशियन्सी काढायची नाहीये. होस्टेलच्या पोरांनी पुस्तकं आधी का वाचली नाहीत आणि नंतर का वाचली, एवढंच सांगायचं आहे. पुस्तकं म्हणजे अभ्यासाची नव्हेत. ती आपण परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतोच, तीही झेरॉक्समधून! मी म्हणतोय ते उगाच वाचायचं पुस्तक. ज्यावर व्हायवा नाही, ज्याला मार्क नाहीत आणि जे वाचून प्लेसमेंट होत नाही असं.

सुरुवात आमच्या फजितीपासून करतो. मी थर्ड इयरला असताना आम्ही चौघांनी मिळून 'वाचन कट्टा' काढला. 15 ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस. आपल्या राज्यात तो 2015 पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. तोच मुहूर्त धरला. ड्रॉइंग शीटवर झकास पोस्टर केलं, एका सरांचं भाषण ठेवलं आणि नियम ठरवले. प्रत्येकाने महिन्याला एक पुस्तक वाचायचं, त्यावर एक पानी परीक्षण लिहून द्यायचं आणि दर शनिवारी पाच वाजता सेमिनार हॉलमध्ये चर्चेला यायचं. पहिल्या शनिवारी 19 जण आले, त्यात 13 मुली. दुसऱ्या शनिवारी 8 मुली आणि आम्ही चौघे. तिसऱ्या शनिवारी आमच्यातलाच एक जण मॅच बघायला पळाला. चौथ्या शनिवारी हॉलला कुलूप होतं, आणि शिपायाकडे जाऊन किल्ली मागण्याइतका उत्साह कुणातच उरला नव्हता.

"पोरं वाचतच नाहीत रे," असं म्हणून आम्ही हात झटकले.

आता हे वाक्य अगदीच खोटं आहे असंही नाही. 2009 साली 'पीसा' नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पंधरा वर्षांच्या मुलामुलींना विचारलं होतं, की तुम्ही निव्वळ आनंदासाठी काही वाचता का? ओईसीडी देशांतल्या 73 टक्के मुली 'हो' म्हणाल्या, आणि मुलं फक्त 52 टक्के. म्हणजे चांगल्या श्रीमंत देशांतही जवळपास निम्मी मुलं कोरडीच. आकडा आपल्याकडचा नाही हे मान्य. पण मुलींच्या होस्टेलमध्ये एक कादंबरी आठ खोल्या फिरून येते आणि आमच्या विंगमध्ये फिरतो तो एखाद्याच्या ओटीटीचा पासवर्ड, हे तर आपण डोळ्यांनी बघतो.

प्रश्न असा, की हे होतं कसं? कारण पाचवी-सहावीपर्यंत आम्हीही वाचत होतो की!

मी आठवीत होतो. शाळेच्या पेटीतून 'फास्टर फेणे'चं एक पुस्तक आणलं होतं. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा किडकिडीत बनेश फेणे सायकल दामटत चोरांच्या मागे लागला होता आणि मी ओसरीवर पोटावर पडून त्याच्या मागे. तेवढ्यात अण्णा ड्यूटीवरून आले. माझे वडील साखर कारखान्यात फिटर होते. गळीत हंगाम चालू होता, म्हणजे अंगाला मळीचा वास आणि डोळे लाल. त्यांनी पुस्तक उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "ह्याच्यावर प्रश्न येणार हाय का परीक्षेत?" मी नाही म्हणालो. पुस्तक कपाटाच्या वर गेलं. ओरडले नाहीत, मारलं तर मुळीच नाही. फक्त कपाटाच्या वर.

गंमत अशी, की त्याच घरात माझी ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून जाडजूड कादंबऱ्या वाचायची. तिला कुणी हा प्रश्न विचारला नाही. भांडी झाली का, एवढं विचारलं जायचं. मला फार उशिरा कळलं की घरात मुलाच्या वेळेला भाव असतो. त्याचा तास म्हणजे गुंतवणूक, तिचं व्याज आलंच पाहिजे. ताईच्या वेळेचा कुणी हिशोबच धरला नव्हता. हा तिच्यावरचा अन्यायच झाला, पण त्या अन्यायाच्या फटीतून तिला वाचायला मिळालं आणि माझं पुस्तक कपाटावर गेलं.

इंजिनिअरिंगला येईपर्यंत वडिलांनी विचारायची गरजच राहत नाही. तो प्रश्न आपणच स्वतःला विचारायला लागतो. 'काय उपयोग?' म्हणून तर मुलं वाचतात तीही श्रीमंत कसं व्हावं, सवयी कशा लावाव्यात, पाच वाजता कसं उठावं असलीच पुस्तकं. (पाच वाजता उठायचं पुस्तक वाचत आमच्या मजल्यावरचा एक जण रात्री दोनपर्यंत जागा असायचा!) ही पुस्तकं वाईट आहेत असं नाही, पण ती वाचणं हेही कामच झालं. आणि आमच्या वाचन कट्ट्याने काय केलं? मुदत, पानांची संख्या, परीक्षण, हजेरी.... आम्ही वाचनाचंच सबमिशन करून टाकलं होतं! त्यावर फक्त सरांची सही घ्यायची बाकी होती.

हे लक्षात आलं ते मात्र भलतीकडेच. टेक्निकल सेमिनारला मी छपाईच्या रोटरी यंत्रांचा विषय घेतला होता (सोपा वाटला म्हणून, खोटं कशाला बोला). त्यात एक गोष्ट वाचनात आली, ती सविस्तर सांगतो, कारण ती अस्सल इंजिनिअरिंगची आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने लाखो तरुण पोरं सैन्यात भरती केली. युद्ध म्हणजे सिनेमात दाखवतात तसं चोवीस तास धडाधड नसतं. बराचसा वेळ वाट बघण्यातच जातो. जहाजावर वाट बघा, तळावर वाट बघा, दवाखान्यात वाट बघा. मग या पोरांना वाचायला काही द्यावं म्हणून आधी जनतेकडून जुनी पुस्तकं गोळा केली. लाखांनी जमली. पण ती घरच्या कपाटातली, जाड पुठ्ठ्याच्या बांधणीची, वजनदार. बरीचशी तर लोकांनी अडगळ काढावी तशी दिलेली. आधीच पाठीवर ओझं वाहणारा सैनिक ती बरोबर नेणार कशी?

1943 मध्ये तिथल्या प्रकाशकांनी आणि सैन्याने मिळून हा प्रश्न डिझाइनचा प्रश्न म्हणून घेतला. पुस्तक कुठे राहणार? सैनिकाच्या खिशात. मग खिशाचं माप आधी, पुस्तक नंतर! नेहमीची पुस्तकं छापायची यंत्रं या कामाला सोयीची नव्हती. म्हणून मासिकं छापायची मोठी रोटरी यंत्रं घेतली, पातळ कागद घेतला आणि एका पानावर एकाखाली एक अशी दोन पुस्तकं छापून मधून आडवी कापली. त्यामुळे पुस्तक उंचीला कमी आणि रुंदीला जास्त झालं. लहान आकार साधारण साडेपाच इंच रुंद आणि चार इंचांहून थोडा कमी उंच. एवढी लांब ओळ वाचताना डोळा चुकतो, म्हणून वर्तमानपत्रासारखे पानाला दोन कॉलम. वरून स्टेपल. एका प्रतीचा खर्च सहा-सात सेंट. टिकाऊपणा? नाहीच. टिकायला बनवलीच नव्हती. वाचा, पुढच्याला द्या, भिजलं तर भिजलं.

1943 ते 1947 या काळात अशी 1,322 पुस्तकं निघाली, आणि प्रती सुमारे 12 कोटी. बारा कोटी! जून 1944 मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्याआधी जी पोरं तळांवर वाट बघत बसली होती, त्यांनाही ही पुस्तकं वाटली होती. यादीत काउबॉयच्या गोष्टी होत्या, रहस्यकथा होत्या, विनोद होता आणि थोर वाङ्मयही होतं. आणि त्या रांगड्या सैनिकांचं लाडकं पुस्तक कोणतं ठरावं? बेटी स्मिथ या लेखिकेची ब्रुकलिनमधल्या एका गरीब घरातल्या मुलीची कादंबरी, 'अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन'. सैनिकांनी तिला ढीगभर पत्रं लिहिली. 'द ग्रेट गॅट्सबी' ही आता जगभर शिकवली जाणारी कादंबरी 1940 साली लेखक वारला तेव्हा फारशी खपत नव्हती. तिच्या दीड लाखाच्या वर प्रती याच योजनेत छापून वाटल्या गेल्या.

म्हणजे बघा. पुरुष वाचत नाहीत, त्यात भावनाबिवना असलेलं तर मुळीच वाचत नाहीत, हे आपण धरून चाललेलो असतो. इथे तर ते वाचत होते, आणि एका लहान मुलीची गोष्ट वाचून पत्रं लिहीत होते. फरक एवढाच की पुस्तक हाताशी होतं, हलकं होतं, हातात दुसरं काही नव्हतं आणि 'काय शिकलास?' असं विचारायला कुणी येत नव्हतं.

माझ्या डोक्यात लगेच आलं : आमच्या होस्टेलमध्ये अशी जागा कुठे आहे, जिथे मुलगा दहा मिनिटं नुसता उभा असतो आणि हातात मोबाईल नसतो?

उत्तर सोपं होतं. गिझर!

आमच्या विंगमध्ये चाळीस जणांत एक गिझर. डिसेंबरात सकाळी सात वाजता बादल्यांची रांग पार जिन्यापर्यंत. आणि त्याच्या महिनाभर आधी इलेक्ट्रिकलच्या एकाचा नवा कोरा फोन गरम पाण्याच्या बादलीत पडून शहीद झाला होता. त्यामुळे सगळे फोन खोलीत चार्जिंगला लावून येत. रांगेत उभं राहून करायचं काय? समोरच्याची पाठ बघायची आणि गिझरला शिव्या द्यायच्या. गिझरच्या शेजारी, खिडकीखाली, कडप्प्याची एक फळी होती. तिथे साबणाच्या रिकाम्या डब्या पडलेल्या असत. आम्ही त्या फेकल्या आणि 9 पुस्तकं ठेवली. पोस्टर नाही, नोटीस नाही, भाषण नाही. रजिस्टर तर मुळीच नाही.

पुस्तकं कुठून आणली? काही जुन्या पुस्तकांच्या दुकानातून वीस-तीस रुपयांना, काही घरून. पण खरा खजिना रद्दीवाल्याकडे सापडला : जुने दिवाळी अंक, किलोवर. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस दर दिवाळीला गोष्टी वाचत आलाय, आणि तुळशीच्या लग्नानंतर रद्दीत घालत आलाय. रांग दहा मिनिटांची, गोष्टही दहा मिनिटांची. माप जुळलं.

पहिला आठवडा कुणी हात लावला नाही. एकाने एका अंकाने माशी मारली. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा तोंडात ब्रश तसाच ठेवून नारायण धारपांची भयकथा वाचताना दिसला. त्याचा नंबर आला, मागचे ओरडले, तरी याचं लक्ष नाही. बादली ढकलून लोक पुढे गेले. त्या रात्री तो आणि त्याचा पार्टनर बाथरूमला जोडीने जाताना अख्ख्या विंगने पाहिले. एवढी जाहिरात आम्हाला पोस्टरनेही जमली नसती! दोन दिवसांत धारप गायब. ते पुस्तक थेट मार्चमध्ये दुसऱ्या मजल्यावर सापडलं, कव्हर नसलेलं.

मग हळूहळू कळत गेलं की काय चालतं आणि काय नाही. सुहास शिरवळकर फळीवर टिकायचेच नाहीत. 'दुनियादारी'चा 2013 चा सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळे 'पुस्तकात शेवट वेगळा आहे का रे?' म्हणत पोरं न्यायची. मिलिंद बोकिलांच्या 'शाळा'वर सर्वांत जास्त गप्पा झाल्या. गोष्ट आणीबाणीच्या काळातल्या नववीतल्या मुलांची, पण प्रत्येकाला ती स्वतःच्याच नववीची वाटायची. 'कोसला'वर दोन तट पडले. एक तट म्हणे 'काय बोअर आहे', दुसरा म्हणे 'तुला कळलंच नाही'. 1963 सालच्या त्या कादंबरीत पांडुरंग सांगवीकर होस्टेलच्या मेसचा कारभार बघतो, त्या पानाच्या कडेला कुणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं : 'आपल्या मेसचीच कहाणी'. प्रेरणादायी पुस्तकं मात्र तशीच पडून राहायची. जाड ऐतिहासिक कादंबऱ्या ओल्या हातात पेलत नाहीत, हाही एक शोध. तरी एका सिव्हिलवाल्याने 'पानिपत' खोलीवर नेलं ते पूर्ण सेमिस्टर परत दिलं नाही. विचारलं की म्हणायचा, "अजून दत्ताजी जिवंत आहे, थांब."

रेक्टर सरांना हे कळलं तेव्हा ते तपासणीला आले. "परवानगी कुणाची घेतली?" आम्ही गप्प. त्यांनी एकेक पुस्तक उचलून बघितलं, 'बटाट्याची चाळ' काखेत मारलं आणि म्हणाले, "हे मी जप्त करतोय." ते अजून जप्तच आहे.

आता जरा वेगळं सांगतो. माझा रूमपार्टनर. नाव लिहीत नाही, कारण तो हा अंक वाचणार आहे. सेकंड इयरला त्याचे विषय राहिले आणि इयर डाऊन झालं. एरवी बडबड्या पोरगा, पण बोलायचा बंद झाला. मेसला यायचा नाही, रात्री तीन-तीनपर्यंत अंधारात मोबाईलवर रील्स सरकवत पडायचा. अंधारात त्याच्या चेहऱ्यावर तो निळा उजेड पडलेला मला अजून आठवतो. मी काय करावं? मी त्याला एक प्रेरणादायी पुस्तक आणून दिलं. त्याने ते तसंच माझ्या कॉटवर भिरकावलं आणि म्हणाला, "मला सुधारू नकोस." महिनाभरात तो माझ्याशी बोललेलं ते सर्वांत लांब वाक्य होतं.

जानेवारीत एकदा रात्री खोलीतला दिवा चालू दिसला. हा भिंतीला टेकून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचत बसलेला. फळीवरून कधी उचलली कोण जाणे. मी काही बोललो नाही. (हे मला फार जड गेलं.) दोन दिवसांनी तोच म्हणाला, "ह्यात काही होतच नाही यार. एक पोरगेला मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, आणि.... पण सोडवत नाही." मग तो त्या मास्तरबद्दल बोलत राहिला. एवढ्याशा वयात एकट्याने त्या माळावर राहायचं, लोक मोजत नाहीत, शाळेत पोरं नाहीत, कसं वाटत असेल त्याला. रात्री एक वाजता, तिसऱ्या मजल्यावर, आम्ही एका मास्तरबद्दल बोलत होतो. मला कळत होतं की आम्ही फक्त मास्तरबद्दल बोलत नाही आहोत. आठवडाभराने त्याने सांगितलं की इयर डाऊन झाल्याचं त्याने घरी अजून सांगितलेलंच नाही.

पुस्तकाने त्याचं आयुष्य बदललं वगैरे मी म्हणणार नाही. एम-थ्री त्याचा क्लास लावून सुटला. घरी सांगायला मी त्याच्याबरोबर गेलो, तेव्हा त्याच्या आईने आधी रडून घेतलं आणि मग आम्हाला जेवायला वाढलं. पण एक गोष्ट मी पाहिली. आपल्याला 'तुला काय होतंय?' असं एकमेकांना विचारता येत नाही. जीभच वळत नाही. 'त्या मास्तरला काय होत असेल?' हे मात्र विचारता येतं. आणि जो मुलगा रात्री तीनपर्यंत काही बोलत नाही, त्याच्याशी बोलायला कशाचा तरी आधार लागतो. क्रिकेटचाही असतो, नाही असं नाही. पण क्रिकेटवर बोलता बोलता कुणी घरच्या गोष्टीवर येत नाही, निदान आमच्या विंगमध्ये तरी आलेलं पाहिलं नाही.

काही जण म्हणतील, आपण इंजिनिअर माणसं, आपला काय संबंध? वपु काळे आर्किटेक्ट होते, मुंबई महापालिकेत नोकरी करायचे. 'अंताजीची बखर' लिहिणारे नंदा खरे सिव्हिल इंजिनिअर. बांधकामावर हयात घालवलेला माणूस. 'उद्या' कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला तेव्हा त्यांनी तो नम्रपणे नाकारला. आणि जयंत नारळीकर सरांची गोष्ट तर आपल्या बॅकबेंचर्सनी पाठच करावी. अहमदाबादच्या एका परिषदेत व्याख्यान कंटाळवाणं चालू होतं, तेव्हा त्यांनी कागद घेऊन विज्ञानकथा लिहायला घेतली. तीच 'कृष्णविवर'. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठवली (आपलीच आद्याक्षरं उलटी करून!) आणि पहिलं बक्षीस मिळवलं. फळीवर त्यांचं 'यक्षांची देणगी' होतं. ते कुणीतरी ढापलं. दुसरी प्रत ठेवली, तीही ढापली.

ढापण्यावरून हिशोब सांगायचा राहिला. वर्षभरात फळीवर एकूण 41 पुस्तकं ठेवली आणि आता 17 उरली आहेत. म्हणजे रीतसर ग्रंथालय असतं तर आम्हाला दंड झाला असता. पण कुणीतरी न सांगता 6 पुस्तकं आणूनही ठेवली. त्यांत एक बाबूराव अर्नाळकरांची पिवळी पडलेली रहस्यकथा आहे. आमचा झुंजार आता बादल्यांच्या रांगेत उभा असतो.

गिझरची ही अक्कल आमचीच असं मी समजत होतो, पण लोक आपल्या पुढे असतातच. तमिळनाडूत तुतिकोरिनला पी. पोनमरियप्पन यांनी आपल्या सलूनमध्येच पुस्तकांची कपाटं लावली. नंबर येईपर्यंत जो वाचत बसेल त्याला पैशांत सूट. न्यूयॉर्कमध्ये अल्विन अर्बी नावाचा शिक्षक केस कापायला गेला, तर त्याच्याच वर्गातला मुलगा तिथे कंटाळून बसलेला. 2014 पासून त्याने कृष्णवर्णीय वस्त्यांमधल्या सलूनमध्ये लहान मुलांची पुस्तकं ठेवायला सुरुवात केली. सलूनच का? कारण तिथे बाप्ये असतात. लहान मुलाला घरात आई वाचून दाखवते, शाळेत बाई शिकवतात. वाचणारा पुरुष त्याच्या नजरेलाच पडत नाही. आपल्या गावाकडच्या सलूनमध्ये तरी पेपर असतो, आणि तो घडीवर घडी मोडेपर्यंत वाचलाही जातो.

आणि डोळ्यांनीच वाचलं पाहिजे असंही नाही. क्युबात 1865 पासून सिगार वळणाऱ्या कामगारांनी कारखान्यात वाचक ठेवायला सुरुवात केली. हात तंबाखूत, कान कादंबरीत, आणि त्याचा पगार कामगारच आपल्या खिशातून देत. 'माँटेक्रिस्टो' ही सिगार त्यांच्या आवडत्या कादंबरीच्या नावावरूनच निघाली. आमच्याकडे श्रावणात मारुतीच्या देवळात पांडवप्रताप लागतो. माझ्या आजोबांना सही येत नव्हती, अंगठा करायचे. पण कुठल्या अध्यायात भीम काय करतो ते त्यांना तोंडपाठ. त्यांना कुणी 'उपयोग काय' विचारलं असतं तर काठी घेऊन उठले असते.

मग मधल्या पिढीत, म्हणजे अण्णांच्यात, काय बिनसलं? हे मला गेल्या दिवाळीत कळलं. अण्णा आता रिटायर झालेत. दिवसभर टीव्हीसमोर बसतात, पण बघत नाहीत. रिमोट हातात आणि नजर भिंतीवर. आईने माळा झाडायला लावला. तिथे आयटीआयच्या टूलबॉक्सखाली एक पत्र्याची ट्रंक निघाली, आणि तिच्यात कादंबऱ्या. शिरवळकर, धारप, अर्नाळकर. तीसेक तरी असतील. प्रत्येकीवर अण्णांची टपोऱ्या अक्षरातली सही आणि तारीख. शेवटची तारीख त्यांच्या लग्नाच्या आधीच्या उन्हाळ्यातली.

मी ट्रंक खाली आणली. म्हटलं, "अण्णा, हे तुमचं? मग सोडलं कशाला?"

अण्णांनी एक पुस्तक उचललं, आठवीत माझं उचललं होतं तसंच उलटसुलट करून बघितलं. म्हणाले, "सोडलं कुठं? राहिलं."

यावर मी काही बोललो नाही. निघताना 'बनगरवाडी' त्यांच्या टीव्हीच्या रिमोटखाली ठेवून आलो. वाचा म्हणून सांगितलं नाही. आता एवढं तरी मला गिझरने शिकवलंय.

पंधरा दिवस फोनवर नेहमीचंच : जेवलास का, पैसे आहेत का, परीक्षा कधी. परवा फोन ठेवता ठेवता म्हणाले, "त्या पुस्तकाचं अक्षर लई बारीक हाय रे. संध्याकाळी दिसत न्हाई."

तेव्हा शनिवारी गावी जातोय. त्यांच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यायचाय, आणि त्यांच्या खुर्चीवरचा दिवा फार उंच आहे, तो दोन फूट खाली घ्यायचाय. येताना ट्रंकेतल्या पाच-सहा कादंबऱ्या फळीसाठी मागणार आहे. देतील का माहीत नाही.

(अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)